चाकवत आणि तांबडी शाई

पुणे, १४ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर ‘सगळे ठीक आहे’ यापलीकडे माझ्याने काही बोलवत नाही, म्हणून हे पत्र. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागून अडीच महिने झाले. मानधन अजून जमा झालेले नाही. त्याची काळजी करू नये.

प्रथम वर्षाच्या लेखनकौशल्याच्या वर्गात ४२ मुले आहेत. पहिला निबंध ‘आमच्या घरची सकाळ’ या विषयावर दिला, तर १७ जणांनी ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशीच सुरुवात केली. एका मुलाचा निबंध मात्र वेगळा होता. त्याची आई भाजी विकते. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणलेल्या मेथी, चाकवत आणि अंबाडीच्या जुड्या ती ओल्या गोणपाटात कशा गुंडाळते, आणि तेच गार हात गालाला लावून त्याला कशी उठवते, हे त्याने दीड पानात लिहिले होते. ‘पाणी’ची वेलांटी पहिली आणि ‘आणि’ची दुसरी, असा नेमका उलटा हिशेब त्याने शेवटपर्यंत सांभाळला होता. मी तांबड्या शाईने ३१ गोल केले आणि खाली ‘छान’ असा एकच शब्द लिहिला.

त्याचा पुढचा निबंध जवळजवळ निर्दोष होता, पण त्यात चाकवत नव्हता, अंबाडी नव्हती. ‘आई विविध भाज्या विकते’ एवढेच होते. विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, जे शब्द नक्की येतात तेवढेच लिहिले.”

बाबा, वसतिगृहातून आलेली माझी पत्रे तुम्ही तपासून परत पाठवत असा. त्यानंतर मीही पत्रांतून मेसच्या आमटीबद्दल, खोलीतल्या मैत्रिणींबद्दल लिहिणे सोडून ‘अभ्यास चालू आहे’ एवढ्यावर आले होते, हे मला त्या दिवशी आठवले. तक्रार म्हणून लिहीत नाही. शुद्धलेखन माझ्या हाती बसले ते त्यामुळेच.

आता पहिले वाचन मी पेन बाजूला ठेवून करते आणि कोणते वाक्य डोळ्यांसमोर उभे राहिले ते समासात लिहिते. दुसऱ्या खर्ड्यात एकाच नियमाच्या चुका दाखवते. या पंधरवड्यात मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांतला शब्दान्तीच्या दीर्घ इकार-उकाराचा नियम घेतला आहे, ‘आणि’ व ‘नि’ या अपवादांसह. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना हा ढिलेपणा वाटतो, आणि परीक्षेत गुण कापले जाणार असल्याने त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडताही येत नाही. परवा मात्र त्या मुलाच्या वहीत अंबाडी परत आली, वेलांटी चुकवून.

आईने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना ताण देऊ नये. बाबा, या पत्रातल्या चुका तुम्ही खुशाल तपासाव्यात, पण आधी ते तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

तुमची,
मुक्ता