कोंड नावाचं गाव

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांनी लिहितोय. माईच्या बाराव्याला आलो नाही, त्याचं कारण या पत्रात देणार नाही. दिलं तरी तुला पटायचं नाही आणि मलाही ते पुरेसं वाटत नाही. समोर बसून काय बोलायचंय ते बोल. आज लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. हिला सांगून पाहिली. ती म्हणाली, "म्हातारीला बरं वाटलं ना, मग झालं!" झालं नाही रे.

तब्येत ठीक. हिचे गुडघे तसेच.

मुलीनं तिकिटं काढली म्हणून आम्ही दोघं सहा दिवस मॉरिशसला जाऊन आलो. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला उतरलो होतो. समुद्र बघून बघून चौथ्या दिवशी मी कंटाळलो. (तू म्हणशील, कोकणातल्या माणसानं विमानात बसून समुद्र बघायला जायचंच कशाला. हे तू म्हणणार हे मला तिथंच ऐकू आलं होतं.) मग बेटाच्या आतल्या भागाची अर्ध्या दिवसाची सहल घेतली. सकाळी आठला निघायचं, दुपारी दीडपर्यंत परत. छोटी गाडी, आम्ही दोघं आणि एक फ्रेंच जोडपं. गाडी चालवणारा, माहिती सांगणारा एकच. वय आपल्याएवढं, रंग, नाक, उभं राहण्याची ढब, सगळं थेट आपल्या तात्यांचं. आम्हाला आपसात बोलताना ऐकलं आणि आरशातून बघत म्हणाला, "तुमी मराठी?"

त्याचं नाव लिहीत नाही. आडनाव मात्र गंमतीचं आहे. तिथं गेलेल्या पहिल्या पुरुषाचं पहिलं नावच पुढं घराण्याचं आडनाव झालं. खरं आडनाव बोटीतच राहिलं. तिथल्या बऱ्याच घरांचं असंच.

किनारा सोडला की लगेच कास्काव्हेल लागतं, मराठी माणसांची जुनी वस्ती. पुढं दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि उसात मधेच काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे. गाडी हळू करून तो म्हणाला, "हे आमच्या लोकांनी उचललेलं." बेट ज्वालामुखीचं, जमीन सगळी दगडगोट्यांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर त्या बेटावर उतरली. आपण गडगे घालतो ते आपल्या आवाठाला, आपल्या हद्दीला. यांनी दगड रचले ते दुसऱ्याच्या उसासाठी. तो ढीग बघताना मला तुझ्या परसातला गडगा आठवला, आपण पावसाळ्यात पाडला आणि तात्यांनी आपल्याकडूनच परत रचून घेतला तो. चार दिवस हात सोलले होते.

क्युरपिपला त्रू-ओ-सेर नावाचं निजलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, आता आत झाडी आणि तळाला थोडं पाणी. बघितलं, फोटो काढले. तिथून गंगा तलाव. तेही एक जुनं विवरच, पण पाण्यानं भरलेलं, काठाला देवळं. १९७२ साली गोमुखाहून गंगाजल आणून त्यात ओतलं आणि ग्राँ बासँचा गंगा तलाव झाला. वाटेवर शंकराची १०८ फुटी मूर्ती. ढग इतके खाली आले होते की शंकराच्या कमरेपर्यंतच दर्शन झालं. हिच्या हातातली केळी माकडानं नेली. शाळेच्या सहलीत तुझी टोपी नेली होती आणि तू माकडाला आईवरून शिवी दिली होतीस, तेव्हा गुरुजींनी माकडाला सोडून तुला मारलं, ते हिला सांगितलं. देवळाच्या पायरीवर बसून हसलो.

त्यानंतरचं नीट वाच.

तलावापासून पुढं प्लेन शाम्पान्य नावाचं पठार आहे, आणि त्याच्या कडेला ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या दिसतात. खाली हिरवं रान, पलीकडं धबधबा, दूर समुद्राची पट्टी. आंबा घाटात उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त वास वेगळा, ओल्या पेरूचा. तिकडं लाल बारीक पेरू रानभर माजलेत. फ्रेंच जोडपं कठड्याकडं गेलं. तो आम्हाला ससाण्याची गोष्ट सांगत होता. तिथला ससाणा १९७४ साली रानात अवघा चार उरला होता. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून परत सोडली, आता शेकड्यांनी आहेत. "आमी पण तसेच," म्हणाला. "कमी. पण हाय." आणि गाडीच्या कप्प्यातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला.

मोकाला महात्मा गांधी संस्था आहे, तिच्याकडं तिथं उतरलेल्या माणसांची जुनी दप्तरं आहेत. त्यातल्या, त्याच्या घराण्यातल्या त्या पहिल्या पुरुषाच्या नोंदीची नक्कल. क्रमांक, बोट, मुंबई बंदर, बापाचं नाव, वय २२, उंची. जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या रकान्यात एकच शब्द: कोंड.

बाळ्या, तुला कळलं ना? मला तिथंच कळलं. त्या पोरानं बंदरावर कारकुनाला सांगितलं असेल, अमक्या गावचा अमका कोंड. गोऱ्याच्या हाताखालच्या माणसानं शेवटचा शब्द तेवढा उतरवला. आपल्याकडं चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, खेड, जाल तिथं कोंड. वाडी म्हणावं तसं ते. पण या माणसानं घराला नाव दिलंय "कोंड". नातीच्या शाळेच्या वहीवर "आमचे मूळ गाव कोंड" असा मराठीत निबंध आहे, त्याचा फोटो फोनमध्ये आहे. त्यानं मला विचारलं, "भाऊ, कोंड माहीत हाय?"

मी म्हणालो, "माहीत आहे."

ते खोटं नव्हतं. आपण वाढलो तो कोंडच. पण पुढचं वाक्य मी बोललो नाही. त्याचा चेहरा बघितला आणि जीभ उचलली नाही. तो वळला, दरीकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला. ही माझ्याकडं बघत होती.

शामारेलला तो उंच धबधबा, सात रंगांची माती, सगळं दाखवलं. लाल, तपकिरी, जांभळे उंचवटे, पाऊस पडला तरी रंग एकमेकांत मिसळत नाहीत, लोहाचा भाग वेगळा, अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा, असं बरंच सांगत होता. माझ्या डोक्यात शिरलं नाही. परत निघताना त्याला सांगून टाकावं, असं घोकत होतो. तेवढ्यात त्यानं फ्रेंच जोडप्याला त्यांच्या हॉटेलवर सोडलं आणि गाडी आमच्या हॉटेलकडं न नेता घरी घेतली. चहाला.

घरात त्याची आई. नव्वदीची. पांढरी साडी, वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. माई शेवटी दिसायची तशी. लेकानं तिच्या कानात क्रिओलीत काही सांगितलं, त्यात "कोंड" एवढंच मला कळलं. ती उठली. माझे दोन्ही हात धरले. मराठी बोलली, मोडकी, पण आपल्याकडची, सुरासकट. "आमचं घर हाय का रं अजून?"

मी म्हणालो, "आहे."

"कुणी ऱ्हातं?"

"राहतात."

आता सांग, हे कुणाला लिहू? तुलाच ना. तूच होतास त्या दिवशी पडवीत. मामाचं पत्र मी वाचलं होतं, कारण तू कैऱ्या पाडायला झाडावर होतास आणि माईला वाचता येत नव्हतं. पत्रात होतं, मी आता परत येणार नाही, वाट बघू नये. मी वाचलं, "गणपतीला येतो." अकरा वर्षांचा होतो रे. माईनं श्रावणात पडवी सारवली, नवी सुपारी आणली, मोदकाला वेगळा तांदूळ काढून ठेवला. मग तुझ्या हाती पत्र लागलं. वर्षभर बोलला नाहीस माझ्याशी, आणि बरोबर केलंस. आपण नंतर शंभर गोष्टींवरून भांडलो. बांधावरून, मतांवरून, माझ्या लग्नात तू पंक्तीतून उठून गेलास त्यावरून. पण माझ्या मनात भांडण एकच आहे. मला वाटायचं, त्यातून मी शहाणा झालो. साठ वर्षांनी एक म्हातारी हात धरते आणि मी तेच करतो, तितक्याच सहज. दया वाटली म्हणून केलं म्हणावं, तर दया तेव्हाही वाटलीच होती. माईला पुढं कळलं होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतोय.

म्हातारीनं उशीखालून शंभराची नोट काढून दिली, तिकडच्या रुपयाची. गावदेवीला नारळ ठेव, म्हणाली. नको म्हणता आलं नाही. आणि तो मे महिन्यात येतोय. तिकीट काढलंय. आईला दाखवायला घराचे फोटो काढणार आहे.

मी त्याला खरं लिहिणार आहे. मसुदा केलाय. पण त्याआधी तुझ्याकडून एक हवंय. मी निघताना म्हातारीनं देवापुढं हात जोडून तीन नावं घेतली: मानाई, सुकाई, वरदान. याच क्रमानं. तिच्या सासऱ्यानं शिकवलेली. लेक म्हणाला, गणपतीत झाकरी नाचताना घरातले पहिल्यांदा हीच तीन नावं घेतात. झाकरी म्हणजे आपली जाखडी. १८९६ पासून तिथं हेन्रिएटा गावात गणपती बसतो, चतुर्थीला देशभर सुट्टी असते. एवढं सगळं त्यांनी धरून ठेवलंय, तर देवांचा क्रमही चुकलेला नसणार. तू चाळीस शिमगे पालखी खांद्यावर घेतलीस. कुठल्या गावची पालखी कुठल्या सहाणेवर कुणाला भेटते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? या तिघांचं एकत्र देऊळ कुठल्या गावात, आणि त्या गावाला कोंड किती, एवढं शोध. गुरवाला विचार, खोतांच्या थोरल्याला विचार. तीन-चार गावं निघाली तरी चालतील. मी येतो, दोघं मिळून फिरू. नाही सापडलं तर तसं त्याला लिहीन, काहीही न लपवता.

तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगी म्हणे. छान. कौलं उतरवून पत्रे घातलेस असं कळलं, उन्हाळ्यात भाजशील. कमरेला पट्टा लावतोस की नुसता खुंटीला टांगलाय? रामनवमीच्या आधी यायचा विचार आहे. येऊ नको म्हणालास तरी येईन.

तुझा,
अप्पा

ता. क. एक राहिलं. नोंदीत उंची पाच फूट एक इंच आहे. त्यांनी ती मोजून माजघराच्या दाराच्या चौकटीवर आडवी रेघ मारून ठेवलीय. घरातलं प्रत्येक पोर वाढदिवसाला तिथं पाठ लावून उभं राहतं, त्याच्याएवढं झालं का बघायला. म्हातारीनं मलाही उभं केलं. तू आलास कधी तिकडं, तर तुझं डोकं बरोब्बर त्या रेघेला लागेल.