एफएमचा पहाटेचा रिकामा दीड तास अहिराणीला द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या खासगी एफएम केंद्रांवर मराठी गाणी फारच कमी लागतात, अशी तक्रार करणारी दोन-तीन वाचकपत्रे गेल्या काही दिवसांत आपल्या अंकात वाचली. तक्रार रास्त आहे. मात्र मराठी गाण्यांचे प्रमाण कायद्याने ठरवून द्यावे, हा त्यावर सुचवलेला उपाय मला अपुरा वाटतो, आणि तो का, हे सांगण्यासाठी जरा लांबचे उदाहरण घ्यावे लागणार आहे. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर सतरा वर्षे नैमित्तिक उद्घोषिका होते. क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा तक्ता, भरणे, लायब्ररीतून टेपा काढून आणणे आणि फर्माइशीच्या पोस्टकार्डांचे गठ्ठे वाचणे यात उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे कुठेही गेले तरी आधी रेडिओ लावून पाहायची खोड जडली आहे.

मागच्या उन्हाळ्यात चार महिने लेकीकडे, अमेरिकेतल्या ह्यूस्टनला होते. तिच्या घरासमोर एका छपराची दुरुस्ती चालली होती. कामगार सकाळी साडेसहाला येत आणि शिडी लावण्याआधी, रंगाचे शिंतोडे उडालेला, अँटेनाच्या जागी तारेचा तुकडा खोचलेला एक रेडिओ कुंपणाच्या खांबाला अडकवत. त्यातून क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि त्यांच्याखाली ट्युबा नावाच्या अगडबंब पितळी वाद्याचा ठेका ऐकू येई. डोळे मिटले की वाटे, लग्नघरासमोर बँडवाले वाजवायला लागले. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक भरभरून बोलत सुटे. मला स्पॅनिश येत नाही, पण तो गावांची आणि माणसांची नावे वाचतो आहे, हे समजायला भाषा लागली नाही. फर्माइशीची यादी वाचणाऱ्याचा सूर मी कुठेही ओळखेन. लेकीने एका कामगाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, की ही बांदा, म्हणजे बँडवरची गाणी, मेक्सिकोतल्या सिनालोआ प्रांतातली. मी मोंतेरेचा, मला अकॉर्डियनवरची नोर्तेन्यो आवडते, पण मुकादम सिनालोआचा आहे आणि रेडिओ त्याचा आहे.

अमेरिकेतला ‘स्पॅनिश रेडिओ’ म्हणजे एक आवड नव्हे, हे मला त्या एका वाक्यात उमगले. ह्यूस्टनच्या काट्यावर स्पॅनिश बोलणारी केंद्रे एकामागून एक लागत, पण एकावरचे गाणे सहसा दुसऱ्यावर ऐकू येत नसे. मेक्सिकोतून आलेल्या कष्टकऱ्यांसाठी ‘रीजनल मेक्सिकन’ हा प्रकार आहे, आणि तिथल्या स्पॅनिश केंद्रांत याच प्रकारची केंद्रे संख्येने सर्वांत जास्त आहेत. त्याच्या पोटात बांदा, नोर्तेन्यो, रांचेरा, मारियाची आणि पोवाड्यासारखी गोष्ट सांगणारे कोरिदो, असे सगळे येते. न्यूयॉर्क किंवा मायामीला मात्र पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि क्यूबा इथून आलेली माणसे अधिक, म्हणून तिथे ‘ट्रॉपिकल’ चालतो, म्हणजे साल्सा, मेरेंगे, बचाता ही नाचाची गाणी. बालाडांची, म्हणजे संथ प्रेमगीतांची, आणि पॉपची केंद्रे निराळी, जुन्या गाण्यांची निराळी. अमेरिकेतच जन्मलेल्या, घरात स्पॅनिश आणि बाहेर इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांसाठी रेगेटोनचा, म्हणजे रॅपच्या वळणाच्या नाचगाण्यांचा, प्रकार निघाला. ह्यूस्टनमधले केएलओएल हे रॉक संगीताचे गाजलेले केंद्र 2004 च्या नोव्हेंबरात या नव्या प्रकाराकडे वळले, आणि लेकीच्या शेजारच्या आजोबांचा त्याबद्दलचा राग वीस वर्षांनंतरही निवलेला नाही. एकच भाषा, पण माणूस कोणत्या गावचा आणि कोणत्या पिढीचा, यावरून गाणे ठरते.

आता आपले पाहा. नाशिक जिल्ह्यात ‘मराठी गाणे’ म्हणजे नेमके कोणते? बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या पट्ट्यात घरोघर अहिराणी बोलली जाते. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत खानदेशातून आलेली दुसरी-तिसरी पिढी काम करते. सुरगाणा-पेठच्या कोकणा पाड्यांवर पावरी वाजते, एप्रिलमध्ये वस्त्यावस्त्यांत भीमगीते वाजतात, श्रावणात कानबाईची गाणी होतात, आणि आपला ढोल तर ‘नाशिक ढोल’ या नावानेच राज्यभर ओळखला जातो. कायद्याने उद्या चाळीस टक्के मराठीची सक्ती झालीच, तर हे सगळे वगळून मुंबईत ठरलेली तीच वीस चित्रपटगीते दिवसातून सहा वेळा लागतील आणि आकडा भरेल. तक्रार करणाऱ्या वाचकांना एवढ्यावर समाधान वाटेल का, याची मला शंका आहे.

असे कायदे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत झालेले आहेत. अर्जेंटिनाच्या 2009 च्या कायद्याने खासगी रेडिओवर तीस टक्के संगीत देशी असावे असे ठरवले, तर चिलीने 2015 मध्ये वीस टक्क्यांची अट घातली. चिलीच्या कायद्यातली एक ओळ मला फार शहाणपणाची वाटली: या वाट्यातला निम्म्याहून अधिक भाग रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उरकता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना रेडिओवाल्यांची पळवाट आधीच ठाऊक होती, हे उघड आहे. मी मात्र नेमका त्याच वेळेतला एक तुकडा मागणार आहे.

कारण अमेरिकेतल्या स्पॅनिश रेडिओचा जन्मच मुळी कोणाला नको असलेल्या वेळेत झाला. 1920 च्या दशकाअखेरीस इंग्रजी केंद्रांना पहाटेच्या तासांचे करायचे काय हे कळत नव्हते. ऐकणारे झोपलेले, म्हणून जाहिरातदार फिरकत नसत. हे तास दलाल स्वस्तात विकत घेत आणि त्यात स्पॅनिश कार्यक्रम लावत. पेद्रो गोन्झालेझ नावाचा, मेक्सिकन क्रांतीत पांचो व्हियाच्या सैन्यात तारायंत्र चालवलेला गृहस्थ लॉस एंजेलिसजवळच्या बर्बँक इथल्या केंद्रावरून पहाटे चार ते सहा बोलू आणि गाऊ लागला. त्याच्या चमूचे नावच ‘लोस माद्रुगादोरेस’, म्हणजे पहाटे उठणारे. शेतावर आणि बांधकामावर निघणारी मेक्सिकन माणसे त्या वेळी जागीच असत. इंग्रजी केंद्राच्या लेखी जो रिकामा वेळ होता, तो या माणसांच्या दिवसाचा सर्वांत गजबजलेला वेळ होता. पुढे 1946 मध्ये राउल कोर्तेझ यांनी सॅन अँटोनियो इथे केसीओआर हे दिवसभर स्पॅनिश बोलणारे स्वतःच्या मालकीचे केंद्र काढले; तेही आधी दुसऱ्यांच्या केंद्रांवर तास विकत घेऊनच शिकले होते.

आणि गावाकडच्या गाण्याला शहरात कोण विचारतो, या प्रश्नाचे उत्तर 1992 मध्ये मिळाले. लॉस एंजेलिसच्या केएलएएक्स या केंद्राने त्या वर्षी रांचेरा आणि बांदा लावायला सुरुवात केली आणि काही महिन्यांतच, त्या वर्षअखेरीच्या मोजणीत, ते शहरात पहिल्या क्रमांकावर गेले. स्पॅनिश केंद्रांत पहिले असे नव्हे, तर इंग्रजीसकट सगळ्यांत पहिले. हा ऐकणारा वर्ग एका हंगामात विमानातून उतरलेला नव्हता. तो तिथेच होता, भांडी घासत होता, छपरे घालत होता; त्याचे गाणे लागेपर्यंत त्याने ते केंद्र लावले नव्हते इतकेच.

सध्या आमच्या सोसायटीमागे एका इमारतीच्या स्लॅबचे काम चालू आहे. सेंटरिंगची माणसे सटाण्याकडची आहेत. त्यांच्याकडे रेडिओ नाही, सळयांच्या ढिगावर ठेवलेला एक ब्लूटूथचा डबा आहे आणि त्यावर मोबाइलवरून अहिराणी गाणी चालू असतात. एफएम का लावत नाही, असे मी सहज विचारले, तर त्यातला वयस्कर मिस्त्री हसून म्हणाला, ‘रेडिओवर आमनं गानं कोठे लागस?’ मला उत्तर सुचले नाही. आपल्या रेडिओने ही चूक पूर्वी एकदा केलेली आहे. 1952 च्या सुमारास बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते हद्दपार झाली, आणि अवघ्या देशाने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. विविधभारती सुरू व्हायला 3 ऑक्टोबर 1957 उजाडला. त्या वेळी गेलेला श्रोता परत आला, कारण तो दुसऱ्या का होईना, पण रेडिओवरच गेला होता. मोबाइलवर गेलेल्याचे तसे नाही.

खासगी केंद्रांचा नाइलाजही मी समजू शकते. गाण्यांची यादी वरून येते, तासाचा आराखडा संगणकात आखलेला असतो. कोणत्या मिनिटाला नवे गाणे, कोणत्या मिनिटाला जाहिरात, सगळे ठरलेले. इथल्या निवेदकाच्या हाती दोन गाण्यांमधले अर्धे मिनिट उरते. रेडिओच्या श्रोत्यांची मोजणी म्हणून जी पद्धत 2007 पासून आली, ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार महानगरांपुरती होती. म्हणजे नाशिककर काय ऐकतात, हे त्या मोजणीने कधी विचारलेच नाही. मोजणी असली म्हणजे सगळे बरे होते असेही नाही. अमेरिकेत स्पॅनिश केंद्रांच्या मोठ्या साखळ्या झाल्या, लॉस एंजेलिसमधला एकच सकाळचा कार्यक्रम दूरदूरच्या शहरांत लागू लागला, आणि गावोगावचा निवेदक तिथेही गेला. ह्यूस्टनच्या त्या रेडिओवरची नावे ऐकताना मला आनंद झाला, तो एवढ्यासाठीच, की तिथे कोणीतरी अजून स्वतः माईकसमोर बसलेला होता.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पहाटे साडेचार ते सहा या वेळात आपल्या खासगी केंद्रांवर माणूस नसतो, संगणक हिंदी गाणी सोडत असतो आणि जाहिराती जवळजवळ नसतात. शहरातल्या एका केंद्राने हा दीड तास घ्यावा आणि त्यात आठवड्याचे चार दिवस अहिराणी, उरलेले तीन दिवस जिल्ह्यातले इतर संगीत लावावे. या वेळेला कोण जागे असते, हे पाहायचे असेल तर बाजार समितीच्या आवारात जावे किंवा दिंडोरी रस्त्यावर उभे राहावे. भाजीच्या गाड्या उतरवणारे हमाल, दूधवाले, आपलेच वृत्तपत्र वाटणारी मुले, पहिल्या पाळीला निघालेले कामगार आणि छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागांकडे मजूर घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्या. त्या गाड्यांत रेडिओ असतो.

निवेदक मात्र अहिराणी बोलणारा हवा, आणि हे मी आग्रहाने सांगते. पुण्याच्या वळणाच्या मराठीत ‘आता ऐकू या एक खानदेशी लोकगीत’ असे म्हणून अहिराणी गाणे लावणे म्हणजे पाहुण्याला ओसरीवरच बसवून ठेवणे. मी स्वतः ते वर्षानुवर्षे केले आहे. गाणी निवडणाराही जाणकार असावा. अहिराणीत सध्या निघणारी बरीचशी गाणी वरातीच्या डीजेसाठी केलेली असतात, त्यातली काही द्वयर्थी आहेत आणि ती पहाटे कोणालाच नको असतात. मेक्सिकन संगीतातही गुन्हेगारांचे गोडवे गाणारे कोरिदो आहेत. अनेक केंद्रे ते लावत नाहीत, पण तेवढ्यावरून कोणी कोरिदोच बंद केले नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा प्रश्न निघेल. ही गाणी बहुतेक लहान स्टुडिओंतून निघतात, मालक हाताशी आहेत, त्यांना रीतसर विचारावे आणि रीतसर पैसे द्यावेत.

आकाशवाणीचे नाशिक केंद्र आणि शहरातले सामुदायिक केंद्र स्थानिक संगीताला जागा देतात, हे इथे नमूद करायला हवे. पण कार्यक्रम आठवड्यातून एकदा, अर्धा तास असला, की ज्याच्यासाठी तो केला त्याला तो सापडत नाही. पहाटे उठणारा माणूस घड्याळ पाहून रेडिओ लावतो, वार पाहून नाही. वेळ रोजची आणि ठरलेली हवी.

आपल्याकडेही एक विनंती आहे. पूर्वी मराठी वृत्तपत्रांत ‘आजचे आकाशवाणी कार्यक्रम’ असा एक चौकोन असे आणि आमच्या घरी सकाळी आधी तोच वाचला जाई. एखाद्या केंद्राने हा दीड तास खरोखर सुरू केला, तर त्या चौकोनाला आपण पुन्हा तीन ओळींची जागा द्यावी. पहिल्या महिन्याची गाण्यांची यादी, गायकाच्या आणि गावाच्या नावासकट, मी विनामूल्य करून द्यायला तयार आहे. सेंटरिंगच्या मिस्त्रीने त्यातली अकरा गाणी आत्ताच सांगून ठेवली आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नैमित्तिक उद्घोषिका,
इंदिरानगर, नाशिक