लाडका भाऊ घरी गेला, घरकुल जोत्यावरच राहिले

मा. ग्रामविकास मंत्री आणि मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

पत्र दोघांना मिळून लिहितो आहोत. ज्या घरांबद्दल लिहायचे ती एका खात्याची आणि ज्या मुलांबद्दल लिहायचे ती दुसऱ्या खात्याची. वेगवेगळे लिहिले असते तर ‘सदर विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ अशी दोन उत्तरे आली असती. तेवढा टपालखर्च वाचवला.

९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तरुणांना विद्यावेतनावर कामाला लावून शिकवणारी. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटले, आपण हसून मान्य केले. आधी ६ महिने, मग ५ महिन्यांची मुदतवाढ, एकूण ११. तो अकरावा महिना आता ऐन पावसाळ्यात भरला. घरकुलांच्या कामाला लावलेली पोरे घरी बसली आणि एकदा लाभ घेतला म्हणून त्यांना पुन्हा घेताही येत नाही. काम शिकून तयार झालेला माणूस नेमका तयार झाल्याच्या दिवशी काढायचा, असा हा नियम आहे. भाऊ अकरा महिन्यांत लाडक्याचा सावत्र झाला याचे दुःख वेगळे. पण त्याच्यामागे उघडी पडलेली जोती कोणी मोजली आहेत का?

मोजायला आम्ही मदत करतो. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात बालेवाडीला समारंभ झाला. पंतप्रधान आवास योजनेच्या (ग्रामीण) २० लाख लाभार्थ्यांना घरकुलाची मंजुरीपत्रे, १० लाखांना पहिला हप्ता, तोही एका दिवसात. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. म्हणजे सरासरी ७१ घरे एका ग्रामपंचायतीला. एका घराला जाणत्या माणसाच्या कमीत कमी चार फेऱ्या लागतात: आखणीला, जोत्याला, लिंटेलला (खिडकी-दारावरच्या पट्ट्याला) आणि स्लॅबच्या दिवशी. सत्तर चोक दोनशे ऐंशी. हिशोब पाकिटाच्या पाठीवर केलाय, पण चुकला तरी फार चुकणार नाही. राज्यभरात या ८० लाख फेऱ्या होतात. त्या कोण मारणार होते? कंत्राटी गृहनिर्माण अभियंता? त्याच्याकडे किती गावे आहेत ते विचारून बघा, आणि पेट्रोलचे काय तेही विचारा.

फेरी म्हणजे फोटो काढणे, असा मंत्रालयात समज दिसतो. आवास अ‍ॅपवर जिओटॅग केलेला, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो चढला, हप्ता सुटला, विषय संपला. फोटोत काय दिसत नाही ते सांगतो.

आखणी घ्या. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट. एवढ्याशा घरात एक भिंत चार बोटे तिरकी गेली तर मोरी नाहीतर ओटा जातो. त्याला यंत्र लागत नाही, सुतळी लागते. ३-४-५ चा गुण्या, म्हणजे काटकोन धरायचा, मग दोन्ही कर्ण मोजायचे आणि ते सारखे भरेपर्यंत खुंट्या हलवायच्या. वीस मिनिटांचे काम. गवंड्यावर सोडले तर तो शेजारच्या भिंतीला समांतर दोरी टाकतो आणि शेजारची भिंत सरळ असतेच असे नाही.

मग पाया. राज्याचा मोठा भाग काळ्या मातीवर आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. तिथे मुरूम लागेपर्यंत खोदायचे, दीड मीटरवरही लागला नाही तर थांबून अभियंत्याला बोलवायचे, कारण तिथे पायाची पद्धतच बदलावी लागते. साध्या जागेचा हिशोब पाहा: बाहेरच्या चार भिंती आणि मधली एक मिळून सुमारे २४ मीटर चर. रुंदी ७५ सेंटीमीटर, खोली ९०. सोळा घनमीटर खोदाई, म्हणजे पावणेसहा ब्रास (एक ब्रास १०० घनफूट). पहिला हप्ता १५ हजार. त्यात खोदाई, दगड, सिमेंट आणि गवंडी बसवून दाखवा, आम्ही आपला सत्कार करू.

पैसे पुरत नाहीत म्हणून सगळ्यात जास्त होणारी चूक जोत्याच्या पोटात होते. चरातून निघालेली काळी मातीच आत भरली जाते, कारण मुरमाच्या खेपेला पैसे पडतात. वर फरशी बसली की कोणाला कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात फरशी पोकळ वाजते, दुसऱ्यात मधोमध खचते. मुरूमच हवा, तोही १५-१५ सेंटीमीटरच्या थरात, पाणी मारून, धुमसाने ठोकून. हे पाहायला भरणीच्या दिवशी तिथे उभे राहावे लागते. नंतर गेलेल्याला जोते दिसते, जोत्याचे पोट दिसत नाही. आणि दुसरा हप्ता नेमका त्या फोटोवर सुटतो.

लिंटेलचे तर बोलायलाच नको. खिडकी-दारावर तुकडे टाकून मोकळे होतात. सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरला पाहिजे, आणि तो का हे या राज्याला नव्याने सांगायची वेळ यावी? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारीने पाहिली. जड दगड-मातीची, बांधून न ठेवलेली घरे पत्त्यांसारखी कोसळली. चार सळया आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगा, एवढाच तो पट्टा. पण कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत घेतली का, हे कोणीतरी वाकून बघावे लागते.

आणि स्लॅब. २५ चौरस मीटर, १० सेंटीमीटर जाडी: अडीच घनमीटर काँक्रीट, साधारण २० गोण्या सिमेंट. एका गोणीला २५ ते २७ लिटर पाणी. मिक्सरवाला घाईत असतो, माल पळता हवा म्हणून तो पाइप सोडूनच ठेवतो. तिथे एक बारावी पास पोरगी मापाची बादली घेऊन उभी राहिली तर तो पाइप बंद होतो. सळई उचलून धरणारे २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक खाली नसतील तर सळई सेंट्रिंगच्या प्लेटला टेकते, गंजते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे अंथरुणावर पडतात. ब्लॉक वाळू-सिमेंटचे, घरीच पाडता येतात, फुकटात जमा. मग पाणी मारणे. गावात मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले. त्याला किमान १० दिवस ओल लागते, गवंडी तीन दिवसांत पुढच्या कामाला जातो. टेकू काढण्याचीही अशीच घाई, कारण सेंट्रिंगचे भाडे दिवसावर.

कागदाची बाजू थोडक्यात. घरकुलाच्या अनुदानाचा १ लाख २० हजार हा आकडा २०१६ पासून हललेला नाही. राज्याने २०२५ मध्ये ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार सौरऊर्जेला वाढवले, त्याचे आभार. रोजगार हमीचे ९० दिवस २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० होतात, शौचालयाचे १२ हजार. सौर सोडून बेरीज १,९५,०८०. पण टप्प्याचे हजेरीपत्रक वेळेत निघाले नाही तर मजुरीचे दिवस बुडतात, आणि ते मागायचे असते हेच निम्म्या घरांना माहीत नसते. आधार शेवटी ज्या बँकेला जोडले तिथे पैसे जातात. बाई गावातल्या बँकेत पासबुक भरून घेते आणि रडत परत येते, हप्ता मात्र बचत गटाच्या नादाने कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडलेला असतो. ५ ब्रास वाळू फुकट, पण ती नदीवरून आपोआप चालत येत नाही, वाहतूक ज्याची त्याने करायची. हे सगळे सोडवायला हुशार माणूस नको, जवळ असलेला माणूस हवा.

तो माणूस आपण दिला होतात, हे मान्य करू. मग त्याला बसवला कुठे? पंचायत समितीत, संगणकासमोर. केवायसी, झेरॉक्स, यादी, पुन्हा तीच यादी वेगळ्या नमुन्यात. स्थापत्य डिप्लोमा झालेला मुलगा अकरा महिने ओळंब्याला हात न लावता घरी गेला आणि प्रमाणपत्र घेऊन गेला. प्रशिक्षण कशाचे, हे त्या प्रमाणपत्रावर शोधून सापडत नाही.

विद्यावेतनाचे एक गणित आहे. आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ हजार, महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला ३०७ रुपये. त्याच घराचा पाया खोदणाऱ्याला रोजगार हमीत २०२५-२६ मध्ये ३१२. बारावीवाल्याला ६ हजार, म्हणजे दिवसाला २३०. खोदणाऱ्याला जास्त मिळतात याचे वाईट वाटत नाही, त्यालाही कमीच मिळतात. पण पर्यवेक्षकाला मजुरापेक्षा कमी देण्याचा शोध या राज्याने लावला, याची नोंद व्हावी. आणि तेही वेळेवर नाही.

हे अशक्य आहे असे म्हणू नका. लातूर-धाराशिवच्या पुनर्बांधणीत याच शासनाने गावोगावी संवाद सहायक नेमले होते, त्यात गावातल्याच बायका पुढे होत्या, आणि त्यांना पाठबळ स्वयंसेवी संस्थांचे होते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर. सात दिवसांत वर सांगितलेले पाणी मारण्याचे १० दिवसही भरत नाहीत, पण मुले तयार असतात एवढे त्यातून दिसते. अमेरिकेत अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा कार्यक्रमाचे तरुण हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारख्या घरे बांधणाऱ्या संस्थांच्या कामांवर जातात, पूर्ण वेळची सेवा १,७०० तासांची असते आणि शेवटी शिक्षणासाठी ठरलेली रक्कम मिळते. तिथल्या सरकारनेही एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने मध्येच तोडली. म्हणजे अर्धवट सोडण्यात आपण एकटे नाही, एवढेच समाधान.

मागतो ते असे. मुदत महिन्यांत मोजू नका, घरांत मोजा. चाळीस घरांचा गट द्या आणि त्या गटाचे शेवटचे छत पडेपर्यंत मुलाला ठेवा. नेमणूक दिवाळीच्या आसपास सुरू करा, म्हणजे पाया कोरड्यात होतो आणि छत जूनच्या आत. गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहेच, त्यात नमुना घर बांधतात. त्याच घरावर पहिले पंधरा दिवस या मुलांना उभे करा, वेगळा वर्ग नको, पीपीटी तर नकोच. गावात घरांवर काम करणाऱ्या संस्थांना मुले द्या. त्यांच्याकडे पटावर चार-पाच माणसे असतात, मनुष्यबळाच्या टक्केवारीने जागा द्यायच्या म्हटले तर एखादी येते किंवा तीही येत नाही. त्यांच्यासाठी घरांच्या संख्येवर जागा ठरवा. संस्थेने काम केले नाही तर काढून घ्या, आमची हरकत नाही. विद्यावेतन किमान रोजगार हमीच्या दरावर आणि फिरतीचा भत्ता वेगळा.

खरे भांडण मात्र याहून मोठे आहे. अभियंता कंत्राटी, डेटा ऑपरेटर बाह्यस्रोताचा, भाऊ अकरा महिन्यांचा, लाडक्या बहिणीची केवायसी दरवर्षी नवी. या व्यवस्थेत कायम काय आहे, तर मंजुरीपत्रावरचा फोटो. घर तेवढे पन्नास वर्षे टिकावे अशी अपेक्षा आहे, आणि ते उभे करणाऱ्यांपैकी कोणीही पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल याची हमी नाही. उद्दिष्टपूर्ती १०० टक्के, असा अहवाल मार्चअखेर येईलच. त्यात खचलेल्या फरशीचा रकाना नसतो.

पाऊस उघडला की थांबलेल्या जोत्यांची भरणी सुरू होईल. मुरमाच्या खेपा ठरल्या आहेत, धुमस गवंड्याकडे आहे. त्या दिवशी थर मोजायला कोण येणार, त्याचे नाव आणि मोबाइल नंबर तेवढा दोन्ही खात्यांपैकी कोणीही कळवावा.

आपले,
घरकुलांच्या कामावर उभे असलेले काही जण