रँडवधाचा प्रवेश: एक नव्हे, दोन गाड्या

महोदय,

पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधाचा प्रवेश नाटकात एका बग्गीत नि एका गोळीत उरकू नये. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गाड्या दोन होत्या. दामोदर चापेकरांनी रँडच्या गाडीवर मागून चढून अगदी जवळून गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्याला तिथेच तडफडून मारले की टाळ्या मिळतात, पण ते खोटे आहे.

आता गोळीच्या आवाजाचे. ऑपरेटर नटाचा हात बघून बटण दाबतो, म्हणून आवाज हमखास मागे पडतो. शिवाय तो विंगेतल्या स्पीकरमधून येतो, पिस्तुलातून नाही. छोटा स्पीकर बग्गीच्या बैठकीखाली ठेवावा. रँडची गाडी आल्याची त्या रात्रीची ‘गोंद्या आला रे’ ही आरोळी इशारा म्हणून आयतीच आहे. तिथपासून गोळीपर्यंतची पावले तालमीत पक्की करावीत, नट आणि ऑपरेटर दोघांनीही तीच मोजावीत. खोटे काडतूस वापरलेच तर नळी सहनटाच्या अंगापासून बाजूला हवी. गोळी नसली तरी नळीतून गरम वायू सुटतो, जवळून तो भाजतो. प्रेक्षकांना बाजूचा नेम कळू नये, हे काम प्रकाशयोजनेचे.

– काही रंगकर्मी