तळमजला, तीन पायऱ्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू मग" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा छोटा ब्लॉक सहा महिन्यांसाठी घेतलाय. डिपॉझिट भरलं, आता परत मिळत नाही. (मिळतं, पण तुम्ही तसंच समजा.) बाबांची अँजिओग्राफी पुढच्या बुधवारी. मोहोराची फवारणी बंड्या करील, त्याच्याशी बोलणं झालंय.

रागावू नका. जावयाच्या घरी मुक्काम नको हे ठाऊक आहे, म्हणून तर वेगळं घर. तुमची किल्ली, तुमचा गॅस. आई, ओटा तुझ्या उंचीचा आहे, मी तुझ्याएवढीच, उभी राहून बघितलं. मागच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं, तिथे तुळस. पेजेचा उकडा तांदूळ कोपऱ्यावर मिळतो. पाटा-वरवंटा माझ्याकडे आहे, तो उचलून आणू नकोस. बाबांची आरामखुर्ची आपला आंब्याच्या पेट्यांचा टेम्पोवाला आणतोय.

वैशाखात बाबा आगरातून वर येताना मध्येच बसले, तेव्हा आईने मला फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होते. "फणस बाधला असेल, ओवा दे" मीच म्हणाले आणि फोन ठेवला. चार दिवसांनी तू सहज बोललीस की बाबांचं बनियन पिळून वाळत घालावं लागलं. आई, ते बनियन अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बाबा, तुमचा तो पट्ट्यावर चालवून घेतलेल्या स्ट्रेस टेस्टचा कागद. माझी दहावीची गुणपत्रिकासुद्धा तुम्ही इतक्या जणांना दाखवली नव्हती. मी डॉक्टरांना तेच विचारलं, टेस्ट चांगली आली होती, मग आता भीती कसली? त्यांनी सांगितलं ते असं. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या भाताच्या काडीएवढ्या, तीन-चार मिलिमीटरच्या. आतून वर्षानुवर्षं चरबीचा थर चढतो. नळी साधारण ७० टक्के अडली की मग ती टेस्ट बोलते, आणि तेव्हाही बोलेलच असं नाही. पण झटका नेहमी सगळ्यात अरुंद जागीच येतो असंही नाही. निम्मीच अडलेली, पण थर मऊ नि वरची साल पातळ, अशी जागा फुटते. रक्ताला वाटतं जखम झाली, ते तिथे गोठतं, आणि काही मिनिटांत नळी पूर्ण बंद.

आंबा घाट आठवा. रस्ता हळूहळू अरुंद होत बंद पडला असं कधी झालंय? संध्याकाळची एसटी व्यवस्थित वर जाते, आणि रात्री दरड येते.

बंद नळीच्या पुढच्या स्नायूला रक्त मिळालं नाही की अर्ध्या तासात तो मरायला लागतो. आपल्या वाडीतून रत्नागिरी दीड तास, कोल्हापूर पावसात तीन. इथलं हॉस्पिटल मी संध्याकाळच्या गर्दीत मुद्दाम रिक्षाने जाऊन बघितलं, चौदा मिनिटं.

आता एक कबुली. सीटी स्कॅनचं पडद्यावरचं चित्र बघून तुम्ही "यात खोड कुठलं नि फांदी कुठली?" विचारलंत, सगळे हसले, आणि त्या हसण्यात मी रिपोर्ट अर्धाच वाचून दाखवला. उजव्या नळीत ८० टक्के अडथळा आहे. तिथे बहुतेक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, बसेल. डाव्या बाजूच्या पुढच्या नळीत ५० टक्केच, पण थर मऊ आहे, आणि डॉक्टरांचं बोट सारखं तिथेच जात होतं. तिथे स्टेंट घालतीलच असं नाही, तो थर गोळ्यांनी घट्ट करायचा. म्हणून "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता कशाला" म्हणून रात्रीची गोळी बंद करायची नाही. शरदकाकांनी काय केलं ते मी लिहीत नाही.

पैशांचं मनात आणू नका. स्टेंटच्या किमतीला सरकारने २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, बाकीचं आम्ही बघतोय.

निघेपर्यंत पहाटे गारठ्यात विहिरीवर जायचं नाही. छातीत दाबल्यासारखं, जबड्यात, हातात, नुसता घाम, काहीही झालं तर आधी बसायचं, मग सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली. उभ्याने घेतलीत तर चक्कर येईल. डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन चावून. पहिला फोन १०८ ला, दुसरा मला. कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचं नाही. आणि आई, तुझी साखर आहे, तुला दुखणारसुद्धा नाही कदाचित, नुसती धाप लागेल किंवा मळमळेल. "कामाचा शीण" म्हणून झाकून ठेवलंस तर बघ. बुधवारी तुझाही ईसीजी काढणार आहे, हे बाबांना आधी सांगू नकोस.

आगराच्या बेचाळीस पायऱ्यांवर तुम्ही मला आकडे शिकवलेत, बाबा. मी खांद्यावर, पाय तुमच्या छातीवर आपटत, आणि एकोणतीस आला की मी नेहमी "वीस-नऊ" म्हणायचे. तुम्ही हसायला थांबायचात. आता विसाव्या पायरीवर बसता, असं आई म्हणाली.

इथे तीन पायऱ्या आहेत. बाजूला कठडा आहे, हलवून बघितला, पक्का आहे.

सोमवारी सकाळी गाडी येईल. दाराला कुलूप लावा, किल्ली तात्यांकडे. तुळशीपाशी ठेवायची नाही.

तुमची
बेबी

ता. क. पान-तंबाखूची चंची घरीच राहू द्या. आणलीत तर गाडीतून उतरताना मी खिसे तपासणार, तुम्ही माझं दप्तर तपासायचात तसे.