मधल्या विमानतळावरच्या व्हीलचेअरवाल्या दादांना

स. न. वि. वि.

तुमच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं आणि ते माझ्या चांगलं लक्षात आहे. पण तुम्हाला न विचारता चारचौघांत कशाला छापायचं, म्हणून नुसतं दादा म्हणते. तुमच्या कंपनीला वेगळं पत्र धाडलंय, तारीख, वेळ, गेट नंबर सगळं घालून. नोकरीत तेच कामाला येतं. हे जरा मोकळेपणाने.

आम्ही निघालो होतो बाबांच्या जिवलग मित्राकडे. काका-काकू परदेशात स्थायिक झाल्याला जमाना लोटला. ते दरवर्षी ‘या, या’ म्हणायचे आणि बाबा दरवर्षी गुडघ्यावर ढकलायचे. शेवटी गुडघाच बदलून झाल्यावर सबब संपली.

विमानात व्हीलचेअर हवी असेल तर शक्यतो ४८ तास आधी सांगायची असते, आणि तिच्यातही प्रकार असतात. ‘आर’ म्हणजे लांबवर चालवत नाही, पण जिना चढता-उतरता येतो. ‘एस’ म्हणजे जिनाही नको. ‘सी’ म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. बाबांनी हट्टाने ‘आर’ लिहायला लावलं. ‘जिना चढतो की मी!’ हे त्यांचं पालुपद. विमानाची शिडी म्हणजे घरचा जिना नव्हे, हे त्यांना कोण सांगणार?

पहिलं विमान सुटलंच उशिरा. मधल्या मुक्कामी पोचलो तेव्हा पुढच्या विमानाला जेमतेम वेळ उरलेला, त्यात आमचं विमान उभं केलं टर्मिनलपासून लांब. म्हणजे शिडी, मग बस. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी उतरवतात, तसे आम्ही बसून राहिलो. रात्रभर एका जागी बसून बाबांचे पाय असे सुजले होते की बूट चढेनात. टाचेपाशी बोट घालून ते खटपट करत होते आणि मी मदतीला वाकले की हात झटकत होते.

तेवढ्यात तुम्ही आत आलात. तुमच्या कागदावर ‘आर’ होतं. ‘चला, उतरा’ म्हणाला असतात तरी नियमाने चुकला नसतात. तुम्ही बाबांच्या पायांकडे पाहिलंत, खाली बसलात आणि विचारलंत, ‘मी नाड्या सैल करू का?’ मला नाही, बाबांना विचारलंत. त्या दिवशी काउंटरवर, गेटवर, विमानाच्या दारात जो तो माझ्याकडे बघून विचारत होता, ‘यांना चालता येतं का?’ जसं काही बाबा म्हणजे माझं एक जादा सामान.

बाबा ‘उतरतो, उतरतो’ म्हणाले. तुम्ही वाद घातला नाहीत. ‘आज शिडी ओली आहे, लिफ्टच्या गाडीने गेलात तर मलाही बरं,’ म्हणालात आणि वॉकीटॉकीवर गाडी मागवलीत. दादा, शिडी ठणठणीत कोरडी होती. मी दारातून पाहिली ना!

पुढच्या तपासणीत बाबांचा धातूचा गुडघा वाजणार, हे त्यांनी सांगितल्याबरोबर तुम्ही रांगेच्या टोकाशी जाऊन आधीच कळवून आलात. त्यामुळे त्यांची तपासणी खुर्चीत बसल्या बसल्या, हाताने झाली. औषधाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी होती, तिच्यासाठी चिठ्ठी हातात तयार ठेवायला तुम्हीच मला सांगितलंत. बॅगांची चिंता नव्हती, त्यांना थेट शेवटच्या मुक्कामाचे टॅग लागलेले होते.

आणि ते प्रसाधनगृह. बाबांनी रात्रभर पाण्याचा घोट घेतला नव्हता, उठावं लागू नये म्हणून. विमानातली हवा आधीच कोरडी, ओलावा २० टक्क्यांच्याही खाली, तरी हा हट्ट. म्हाताऱ्या माणसांचं हे गुपित घरच्यांनाही कळत नाही. तुम्हाला मात्र रोजच्या कामातून ठाऊक असणार. न सांगता तुम्ही खुर्ची तिकडे वळवलीत, ‘विमानातलं अरुंद असतं, इथे जाऊन या’ म्हणालात, आणि बाहेर आल्यावर पाण्याची बाटली बाबांच्या हातात दिलीत. त्यांनी ती अर्धी रिकामी केली.

गेटवर मी पाकीट काढेपर्यंत तुम्ही मान हलवून नाही म्हणालात आणि दुसऱ्या कोणा आजींची खुर्ची घेऊन निघालातही. वेळ पाळायची घाई तुम्हालाच जास्त, पण बाबांना ती जाणवू दिली नाहीत.

काका विमानतळावर घ्यायला आले होते. दोघे म्हातारे गळ्यात पडून रडले, मग गाडीत एकमेकांना गुडघ्यांच्या कथा सांगत बसले. काकांना तुमच्याबद्दल सगळं सांगून झालं, शिडीसकट. ती कोरडी होती हे बाबांनाही दिसलं होतं म्हणे. ‘पण पोरगा इतक्या अदबीने खोटं बोलला, म्हटलं जाऊ दे.’

परतीच्या तिकिटावर ‘आर’ बदलून ‘एस’ करून घेतलाय. विमान कंपनीला फोन बाबांनी स्वतःच लावला.

तुमची आभारी,
त्या दिवशीच्या बाबांची लेक