केस मराठवाड्याच्या वॉर्डातली हवी

संपादक महोदय,

एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ पासून लागू झाला. गटचर्चा, स्वयंअध्ययन, पहिल्याच वर्षी रुग्णाशी ओळख, हे सगळे त्यात आहे. पण मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत आलो आणि हे तास बरेचदा पुन्हा व्याख्यानातच जाताना पाहिले: समोर दीडशे मुले आणि भराभर सरकणाऱ्या स्लाइड्स. समस्याधारित अध्ययन, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या केसवरून मुलांनी गटात स्वतः शोधून शिकणे, आपल्याकडे मनापासून राबवायला हवे आणि त्यातल्या केस इथल्याच हव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये ही पद्धत सुरू केली. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने ती घेतली. त्याच साली अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खेड्यातल्या रुग्णासाठी डॉक्टर घडवायचे, हा त्यामागचा विचार होता. या पद्धतीची खरी गरज इथेच आहे.

ही पद्धत चालते कशी? समजा, आठ-दहा मुलांच्या हाती एवढाच कागद दिला: जुलै महिना, शेतातल्या आखाड्यावर जमिनीवर झोपलेला तरुण, अंगावर कुठे जखम दिसत नाही. तो म्हणतो, ‘पहाटंपासून पोट लई दुखायलंय, अन् आता डोळेच उघडनात.’ कुणी म्हणेल अपेंडिक्स, कुणी म्हणेल फवारणीचे औषध पोटात गेले. मग डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, तोंडाला लाळ येते का, एका श्वासात तो किती आकडे मोजतो, हे प्रश्न मुलांनीच काढायचे. पुढची माहिती टप्प्याटप्प्याने मिळते. काचेच्या नळीतले रक्त २० मिनिटांत नीट गोठले, म्हणजे घोणस साप चावला असण्याची शक्यता कमी. पापण्या मिटताहेत, म्हणजे नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर काहीतरी अडले आहे. मण्यार सापाचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही सापडत नाही, हे मुले स्वतः शोधून दोन दिवसांनी गटात मांडतात. शिक्षक उत्तर सांगत नाही, अडले तिथे प्रश्न विचारतो. त्या रात्री श्वास थांबण्याआधी व्हेंटिलेटर लागणार, हे ज्याने असे शोधून काढले, तो इंटर्नशिपमध्ये असा रुग्ण ‘गॅस झालाय’ म्हणून घरी पाठवणार नाही.

यात अडचणी आहेतच. दीडशे मुलांचे पंधरा गट करायचे, तर पंधरा शिक्षक लागतात, आणि सरकारी महाविद्यालयांत पदे रिकामी आहेत. पाठांतर तपासणाऱ्या परीक्षेत या मुलांचे गुण वाढतीलच असेही नाही. नीटच्या तयारीत चार पर्यायांतून उत्तर निवडायची सवय लागलेल्या मुलांना पहिले काही महिने अस्वस्थ वाटते, काही पालक ‘शिकवतच नाहीत’ म्हणून तक्रार करतात. माझ्या मते शिक्षकांचे प्रशिक्षण सगळ्यात आधी यायला हवे. गप्प बसून ऐकणे आम्हा शिक्षकांना सगळ्यात कठीण जाते.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला विनंती आहे, की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांकडून केस मागवून त्यांचा संग्रह करावा. मण्यार, कीटकनाशकाची विषबाधा, ऊसतोड कामगार बाईचा रक्तक्षय, हे सगळे त्यात हवे, आणि तक्रार रुग्णाच्याच शब्दांत. नर्सिंगच्या मुलींनाही याच गटात बसवावे, कारण रात्रपाळीत त्या पापण्या सगळ्यात आधी त्यांनाच दिसतात. निवासी डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन गट सांभाळायला बसवता येईल. आणि लेखी परीक्षेत अशा केसवरच्या प्रश्नांना भरपूर गुण ठेवावेत, म्हणजे पुढच्या बॅचपासून हे तास खरोखर होतील.

– एक निवृत्त वैद्यकीय शिक्षक, लातूर